सुन्नेवाचं घर वगळता येत नाही

आमच्या सेल्हामार गावात माणूस मेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं, अशी रीत आहे. जिवंत असेपर्यंत ज्याचं त्यानं सोसायचं. त्यामुळे आपल्याबद्दल गावात कुणी गोड बोलतंय असं कानावर आलं, तर शहाण्या माणसानं आधी स्वतःची नाडी तपासून घ्यावी. माझ्याबद्दल अजून कुणी बरं बोलत नाही, तेव्हा मी ठणठणीत आहे. माझ्या शेजारणीबद्दल, सुन्नेवाबद्दल, मात्र गाव एकाएकी गोड बोलायला लागलं, आणि तिथून सगळ्याची ठिणगी पडली.

मी गावच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटाच्या खिडकीत बसते. कढत पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडालेली माणसं जे बोलतात, ते पाद्रीसमोर मरताना सुद्धा बोलणार नाहीत. तेव्हा पुढचं सगळं खात्रीचं आहे. जिथे खात्री नव्हती तिथे मी जाऊन विचारून आले आहे.

सुन्नेवाचं घर लाल, माझं पिवळं, मध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. लाल म्हणजे काय लाल! तो रंग तिनं स्वतः दिला, छपरावर चढून, आणि तोही अशा वाऱ्यात की समुद्रावरचे पक्षी उलटे उडत होते. संध्याकाळी माझ्या पांढऱ्या मांजरावर लाल ठिपके. मी भांडायला गेले, तर वरूनच ओरडली, "मांजर आत ठेव, दाग्रून! रंग माझा आहे, वारा माझा नाही!"

तिचा धंदा एदर बदकांचा. फ्योर्दातली, म्हणजे डोंगरांत आत घुसलेल्या आमच्या खाडीतली, तीन लहान बेटं तिच्या आईकडून तिच्याकडे आली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बदकं तिथे अंडी घालतात आणि घरट्यात स्वतःच्या छातीची मऊ पिसं पसरतात. ती पिसं अलगद काढून घ्यायची आणि तिथे कोरडं गवत ठेवायचं. बदकाला फसवणूक कळते, पण ती चालवून घेते. सुन्नेवा सांगते की बदकाशी भांडण करायचं नाही, हळू चालायचं आणि माफी मागायची. माणसांशी तिनं या तिन्हींतलं काहीही कधी केलेलं नाही.

आता ‘ते’ सांगायला हवं. गावात त्याला ‘ते’च म्हणतात. "त्यांच्या घराण्यात ते आहे," असं.

आमच्या फ्योर्दाकाठच्या काही घराण्यांत एक दुखणं रक्तातून उतरत आलंय. आईबापांपैकी एकात असेल तर पोरात यायची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. किटलीच्या आत पांढरा थर धरतो ना, तसं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन साचत जातं. भिंती ठिसूळ होतात. आणि मग ऐन विशी-तिशीत, ज्या वयात माणसं लग्नं करतात आणि मोडतात त्या वयात, एखादी भिंत फुटते आणि मेंदूत रक्त उतरतं. बाकीच्या जगात अर्धांगवायू म्हाताऱ्यांना होतो. आमच्याकडे तो फुटबॉलच्या मैदानावर येतो.

सुन्नेवाची आई राग्नफ्रीद एकतिसाव्या वर्षी गेली. त्या माझ्या-तिच्या मधल्या दोरीवर चादर टाकता टाकता खाली बसली आणि उठली नाही. थोरला भाऊ ह्योरवार मैदानात पडला तेव्हा चोविशीचा होता. तो त्या वेळी वाचला. त्याचं पुढे येईलच.

सुन्नेवानं राजधानीला, रेक्याविकला, जाऊन रक्त तपासून घेतलं. परत आली ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात. कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, "नाणं उलटं पडलं, दाग्रून."

मी तोंड उघडायच्या आत तिनं कप खाली ठेवला. "आणि तुझी कॉफी भयंकर आहे. मोजक्या आयुष्यात इतकी पातळ कॉफी परवडत नाही. उद्यापासून दुप्पट टाक."

तेव्हापासून मी दुप्पट टाकते. माझी झोप गेली, पण ते असो.

सत्ताविसाव्या वर्षी तिला पहिला झटका आला, तो बेटावर, ऐन पिसांच्या दिवसांत. डोक्यात कुऱ्हाड बसल्यासारखी कळ, डाव्या हातातली पिशवी गळून पडली, जीभ जड. मदतीला एक जर्मन विद्यार्थिनी आली होती. तिला वाटलं, बाई सकाळी सकाळीच ब्रेन्निविन लावून आली. तरण्या माणसाचा तोल गेला की जगाला पहिल्यांदा दारूच सुचते.

"प्यायले असते तर गाणं म्हटलं असतं," सुन्नेवा जड जिभेनं तिला म्हणाली. "फोन लाव. हेलिकॉप्टर मागव."

हेलिकॉप्टर आलं आणि बेटाच्या पूर्वेला उतरायला लागलं. ही बाई गवतात आडवी, अर्धं अंग लुळं, आणि उजवा हात हलवून बोंबलतेय, "तिकडे नको! तिकडे घरटी आहेत! पश्चिमेला उतर, गाढवा!" हे मला त्या हेलिकॉप्टरवाल्यानंच नंतर कुंडात बसून सांगितलं. म्हणाला, इतक्या वर्षांत रोग्यानं मला गाढव म्हटलेलं हे पहिल्यांदाच.

तो पश्चिमेला उतरला.

रेक्याविकला पुष्कळ दिवस काढून ती परतली. डावा हात अर्धा कामाचा, डावा पाय थोडा ओढत. रोज सकाळी ग्लासात एक फसफसणारी गोळी घ्यायची, डॉक्टर तिच्यावर ती आजमावत होते. उपयोग होईल का म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "त्यांना माहीत असतं तर त्यांनी आजमावली असती का?" पुढच्या हंगामात ती पुन्हा बेटावर. पिशवी दातात, उजव्या हातानं पिसं. बदकं तिच्या नव्या चालीला आठवड्यात सरावली.

गाव सरावलं नाही. गाव चांगलं वागायला लागलं.

चौथ्या घरातली हाल्फ्रीद रोज राईचा पाव घेऊन तिच्या दारात. दुकानात लोक रांगेतून बाजूला व्हायचे. कुंडात ती उतरली की बोलणी बंद, आणि ज्या कोपऱ्यात पाण्याचा फवारा पाठीला लागतो तो कोपरा चटकन रिकामा. अहो, त्या कोपऱ्यासाठी आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत! आणि विगफुस, मासे वाळवायच्या शेडचा मालक, गावाचा स्वयंनियुक्त बाप, तो तर बादलीच घेऊन आला. बादलीत दह्याच्या आंबट निवळीत मुरवलेले मेंढ्याचे अंडकोष.

"खा, पोरी," म्हणाला. "तुझ्या पणजोबांच्या काळी सगळं निवळीत मुरवूनच खायचे. तुमच्या घराण्यातले लोक तेव्हा साठी गाठायचे म्हणतात. मग साखर आली, मीठ आलं, आणि घात झाला. डॉक्टर लोकसुद्धा असं काहीतरी बोलतात."

"बोलतात. पण खात्रीनं कुणी सांगत नाही."

"म्हणून काय झालं? खाऊन बघायला काय जातंय?"

"विगफुस, साठ वर्षं हे खायचं असेल तर मला तिशी पुरे."

तो हसला नाही. हाच विगफुस, ती सोळा वर्षांची असताना तिनं त्याच्या शेडचं दार बोटीनं मोडलं होतं, तर अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल इतकं तिच्या सात पिढ्यांना बोलला होता. आता बादली ठेवून, मान खाली घालून, पाय न वाजवता निघून गेला. सुन्नेवा दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"बघितलंस?" मला म्हणाली. "मयताला येऊन गेला."

आता वाळूचा किस्सा.

त्या ऑगस्टमध्ये आमचा पाद्री ओर्मुर याला एका बेटावर बाप्तिस्मा करायला जायचं होतं. उन्हाळ्यापुरती परतलेली मंडळी होती, त्यांना पोराचं नाव आजोळच्या बेटावरच ठेवायचं होतं. सुन्नेवानं बोट काढली. पाद्री काळ्या झग्यात, गळ्याला पांढरी चुणीदार पट्टी, मांडीवर बाप्तिस्म्याचा केक. ओहोटी लागलेली. त्यानं विचारलं, "वळसा घालून जायचं ना?" ही म्हणाली, "वळसा पर्यटकांसाठी असतो." आणि मधल्या उथळ वाटेनं घातली बोट. अर्ध्यात वाळूवर रुतली ती रुतलीच. भरती येईपर्यंत दोघं तिथे बसून. भोवती सील माना वर काढून बघतायत, पलीकडे बेटावर पोर रडतंय, आणि भूक लागली म्हणून या दोघांनी मिळून तो केक खाल्ला. सगळा. त्यावरचं साखरेचं नावसुद्धा.

असा किस्सा गावाला दहा वर्षांत एकदा मिळतो. आणि तो सांगायची जागाही ठरलेली, थोर्रीची मेजवानी. थोर्री महिन्यात, ऐन थंडीत, सगळं गाव सभागृहात जमतं. निवळीच्या पिंपातलं आंबट मांस, नाक जाळणारा शार्क, ब्रेन्निविन. आणि मग मंचावर वर्षभराची नक्कल. ज्यानं ज्यानं गाढवपणा केला त्याची सोय तिथे होते. ज्याची नक्कल होत नाही तो घरी जाताना बायकोला विचारतो, "माझं काही चुकलं का गं?"

मेजवानी चार घरांकडे असते. किनाऱ्याच्या रस्त्यानं ओळीनं चार घरं यंदा, पुढची चार पुढच्या वर्षी. मेजवानीच्या शेवटी जुने मानकरी पिंपातली लाकडी पळी नव्या मानकऱ्यांच्या पहिल्या घराला देतात, की वर्षभराची जबाबदारी त्यांच्यावर. यंदाचे आम्ही होतो. तिसऱ्या घरातला विगफुस, चौथ्यातली हाल्फ्रीद, पाचव्यातला पाद्री ओर्मुर, सहाव्यातली मी. सातवं घर सुन्नेवाचं.

विगफुसच्या स्वयंपाकघरात आमची बैठक बसली. मी आधी वाळूचा किस्सा काढला.

"नको," विगफुस म्हणाला.

"नको म्हणजे? पाद्री, तू बोटीवर होतास. तुझी हरकत आहे का?"

"माझी नाही," ओर्मुर म्हणाला. "म्हणजे, केकचा भाग गाळला तर."

"केक गाळला तर उरतं काय?"

"तिच्यावर कमी का आलंय?" विगफुस म्हणाला. "त्यात आपण हसायचं? लाज वाटते का जरा?"

"आणि चालून दाखवावं लागेल ना," हाल्फ्रीद कुजबुजली. "ते कोण करणार, बाई?"

"मिटलं," विगफुस म्हणाला. "आणि पळी मी आठव्या घराला देणार आहे."

मी कप खाली ठेवला. "सहानंतर आठ?"

"अगं, वर्षभराचं काम. शरदात पिंप भरायचं, मग बैठका, मग... पुढच्या थोर्रीपर्यंत तिची..." तो थांबला आणि कॉफीत बघत बसला.

"प्रकृती," पाद्रीनं वाक्य पुरं केलं. धंदाच त्याचा.

"तुम्ही तिला पुरताय," मी म्हणाले.

"आम्ही तिला जपतोय, दाग्रून!"

तीन विरुद्ध एक. मतात मी हरले. पण तोंड माझं होतं, आणि ते बंद ठेवायचं असं काही मतदानात ठरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात.

सुन्नेवा एका पिशवीचा पट्टा शिवत होती, एक टोक दातात धरून. मी सगळं सांगितलं. तिनं दातातलं टोक सोडलं.

"वाळूचा किस्सापण नाही?"

"नाही."

"केकसकट?"

"केकसकट."

तिनं सुई पट्ट्यात खोचून ठेवली.

"ह्योरवारचं आठवतं तुला?" ती म्हणाली. "पहिल्या झटक्यातनं तो उठला होता. चालत होता, बोलत होता. गोलाच्या जाळीपाशी उभा राहिला असता तरी खूश झाला असता. पण संघात घेतलं नाही. प्रेमानं, हं. सांभाळून. कुणी त्याला बेवडा म्हणेना, कुणी त्याच्या टकलावर बोलेना. वर्षभर त्या खिडकीत बसला. दुसऱ्या झटक्यानं नेला तो, पण निम्मं काम गावानं आधीच उरकून ठेवलं होतं." तिनं पट्टा टेबलावर आपटला. "मला किती दिवस आहेत ते माझ्या डोक्यातल्या शिरा ठरवतील. त्यांच्यापुढे माझं चालत नाही. पण तेवढे दिवस मी माणसांत मोजलेली असणार. सातवं घर सहा आणि आठच्या मध्येच येतं. ते कुणाच्या बापाला वगळता येत नाही."

"मग बोल जाऊन विगफुसशी."

"बोलून काय होणार? डोळे पुसेल आणि आणखी एक बादली आणेल. नाही. तू माझी नक्कल कर."

"मी?"

"गावात तुझ्याइतकं निर्लज्ज दुसरं कोण आहे?"

त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात तालमी सुरू. ती खुर्चीत बसून हुकूम सोडायची. "पाय उचलू नकोस, ओढ! मी म्हातारी नाहीये, कमरेत काय वाकतेस? हात असा, पोटाशी. हां. आता पाद्रीकडे तुच्छतेनं बघ." पाद्री म्हणून आम्ही लादी पुसायचं फडकं दांड्यासकट उभं केलं होतं आणि त्याच्या गळ्यात कॉफी गाळायच्या कागदांची चुणीदार पट्टी. खऱ्या ओर्मुरपेक्षा ते जास्त देवभोळं दिसत होतं.

मेजवानीची रात्र. सभागृह खच्चून भरलेलं. विगफुसनं नकला जाहीर केल्या, संपल्या म्हणून सांगितलं, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मी फडकं घेऊन मंचावर चढले. विगफुसच्या चेहऱ्याचा रंग सुन्नेवाच्या छपरासारखा झाला.

मी हात पोटाशी घेतला, पाय ओढत निघाले. "वळसा पर्यटकांसाठी असतो!"

सभागृह गार. एक काटा खाली पडल्याचा आवाज आला तोही सगळ्यांनी ऐकला. हाल्फ्रीदनं तोंडावर हात घेतला. मागून कुणी तरी म्हणालं, "अरे, उतरवा हिला!" मी खोटं सांगत नाही, आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण गप्प बसायला शिकायला हवं होतं. तरी मी आणखी दोन पावलं टाकली, पाय ओढत.

"डावा!"

मागच्या टेबलावर सुन्नेवा उठून उभी राहिली होती, हातात शार्कचा तुकडा टोचलेला काटा. "अगं भवाने, डावा पाय! उजवा कसला ओढतेस? महिनाभर तुला शिकवलं ना मी!"

मी खाली बघितलं. खरंच उजवा होता.

आधी पाद्री फुटला. त्याचं हसू म्हणजे गंजलेलं फाटक. मग मुलं, मग मागची टेबलं, मग सगळं सभागृह. मी पाय बदलला, तर टाळ्या! बोट रुतवली, फडक्याला केक भरवला, साखरेचं नाव खाल्लं, आणि सुन्नेवा मागून दर वाक्याला दुरुस्त्या करतेय: "मी नव्हे, आधी त्यानं मागितला!" आणि ओर्मुर टेबल बडवतोय: "खोटं! साफ खोटं! निम्म्याहून जास्त तिनं खाल्ला!"

हसू ओसरायच्या आत विगफुसनं घाईघाईनं पळी उचलली. "तर मंडळी, पुढच्या वर्षीचे मानकरी. आठवं घर, नववं..."

"विगफुस."

ती चालत निघाली होती. टेबलांच्या मधून, पाय ओढत, सावकाश. कुणीही बाजूला झालं नाही, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. मग मंचाची पायरी. तिथे कुणीतरी हात पुढे केला, तिनं त्या हातात शार्कचा काटा दिला आणि वर चढली.

"सहानंतर किती येतात रे?"

"सुन्नेवा, पोरी, आम्ही विचार केला..."

"कसला?"

"वर्ष मोठं असतं."

"सगळ्यांना सारखंच असतं. तू बासष्टचा. तुझं हृदय दोनदा उघडून शिवलंय. तुला कुणी वगळलं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?" ती सभागृहाकडे वळली. "लावा पैज! पुढच्या थोर्रीला आमच्या दोघांतलं कोण असेल? माझ्या बाजूनं हात वर करा!"

ब्रेन्निविन पोटात असल्यावर लोक कशालाही हात वर करतात. पण सगळ्यात पहिला हात वर गेला तो विगफुसच्या बायकोचा. आता पुन्हा हसायचं म्हणजे बरगड्या मोडायची वेळ.

विगफुस हसत नव्हता. पळी त्यानं छातीशी धरली होती. माइक चालू आहे हे त्याला समजलंच नाही.

"इथेच दिली होती मी तुझ्या आईला," तो म्हणाला. "हीच पळी. ती अशीच पुढे आली, हसत. आणि पुढच्या थोर्रीसाठी तिच्या वाटचं पिंप आम्हाला भरावं लागलं. पुन्हा नाही देता येत गं मला. हात होत नाही."

लोकांचे वर केलेले हात हळूहळू खाली आले.

सुन्नेवा त्याच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता ती मऊ होणार, गळ्यात वगैरे पडणार. मी रुमाल काढला होता.

"त्या वर्षी मेजवानी झाली का?" तिनं विचारलं.

"झाली."

"तू जेवलास का?"

"जेवलो."

"मग? मी मेले तर पिंप तुम्ही भराल. जगले तर मी भरेन. दोन्हीकडून तुला चापायला मिळतंय, रडतोस कशाला? दे इकडे."

त्यानं दिली. म्हणजे तिनं ओढून घेतली, पण त्यानं सोडली. तिनं पळी डाव्या हातात घेतली. उजव्या नव्हे, डाव्या. बोटं नीट मिटत नव्हती, पळी थरथरत होती, पण पडली नाही.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण मी शेजारीण आहे, पुढचंही मला दिसतं.

जुलैत दुसरा झटका आला. लहान होता, डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यानं हातपायांना धक्का लावला नाही, शब्द नेले. शरद लागता लागता ती घरी आली तेव्हा मनात सगळं जाग्यावर होतं, पण तोंडातून भलतंच यायचं. कपाला बदक, दाराला बदक, मलाही बदक. मला चाललं असतं, पण ती प्रत्येक वेळी थांबायची, ओठ दाबायची, पुन्हा प्रयत्न करायची, पुन्हा बदक. ती चिडून मूठ आपटायची. मी कॉफी आणखी कडक करत गेले, दुसरं करणार काय?

आणि पिंप भरायचे दिवस आले. विगफुस आला. टोपी हातात, आवाज खाली. मी तिच्या ओट्यापाशी उभी होते, मुद्दामच.

"सुन्नेवा," तो म्हणाला, "तू दाखवलंस सगळ्यांना. आता कुणी काही म्हणणार नाही. आठव्या घरातले तयार आहेत. तू बरी झालीस की मग पुढच्या खेपेला..."

तिनं तोंड उघडलं. "बदक..." म्हणाली. डोळे मिटले. "ब... बदक."

विगफुसची मान खाली जायला लागली. तीच ती, मयताला आल्यासारखी.

आणि मग तिच्या तोंडून शिव्यांचा धबधबा सुटला. आधी सैतान आला, त्यामागून नरक आला, मग विगफुसची शेड, शेडमधले कुजके मासे, त्याचं बुडाखालचं सगळं, त्याच्या बादलीतले मेंढ्याचे अंडकोष आणि ते त्यानं कुठे घालावेत त्याचा सविस्तर पत्ता. एकही शब्द अडखळला नाही, एकही जागा चुकली नाही. इतकं शुद्ध, इतकं खणखणीत मी चर्चमध्येही ऐकलेलं नाही. शेवटच्या शिवीवर ती स्वतःच थबकली, स्वतःचंच ऐकून चकित झाल्यासारखी, आणि हसायला लागली.

नंतर बोलायला शिकवणारी बाई म्हणाली की असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या खोलीत राहतात, बाकी घर पडलं तरी त्या वाचतात. आमच्या गावानं ते शास्त्र तिच्याआधीच ताडलं होतं. कारण विगफुस डोळे पुसत, हसत, तिथून थेट तलावावर गेला आणि कुंडात उतरता उतरता म्हणाला, "सातवं घर तयार आहे."

त्या शनिवारी चारही घरं तिच्या मागच्या पडवीत जमली. पिंप धुतलं, मांस रचलं, निवळी ओतली. हुकूम तिचेच, निम्मे हातानं आणि निम्मे शिव्यांनी. आठव्या घरातल्या नव्या सुनेचे कान तापले होते, पण काम उरकलं. विगफुसचा तिथे काही संबंध नव्हता, त्याचं वर्ष संपलं होतं. तरी तो आला. झाकण उचलून बघतो, वास घेतो, निवळी कमी आहे का म्हणून बोट बुडवतो. आठवड्यातून तीनदा, काही ना काही निमित्त काढून.

काल मी कपडे काढायला दोरीपाशी गेले होते, तेव्हा तो परत झाकण उचलून उभा होता. सुन्नेवा दारात आली. भिंतीला हात टेकला. ओठ हलले, एकदा, दोनदा. मी जागच्या जागी उभी, हातात ओली चादर.

"झाकण लाव, विगफुस," ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द काढून, पण एकही बदक न येता. "आणि चालता हो. मला कामं आहेत."